धडा वेगळा, बाक वेगळे
अभ्यासक्रमात सहिष्णुतेचा धडा घातला की तेढ ओसरेल, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९८९च्या शिक्षण सुधारणांनी परस्पर-सामंजस्य शिकवणं सक्तीचं केलं, पण बहुतेक कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं बसली वेगवेगळ्याच शाळांत! खरी हालचाल पालकांनी केली. १९८१ साली बेलफास्टमध्ये दोन्ही पंथांच्या २८ मुलांना एकत्र घेऊन त्यांनी लगान कॉलेज काढलं (नाव कॉलेज, आहे माध्यमिक शाळा), तेही सुरुवातीला सरकारी अनुदानाशिवाय. १९९८च्या गुड फ्रायडे करारात (तिथल्या संघर्षावरचा शांतता करार) एकत्रित शिक्षणाला प्रोत्साहन द्यायचं ठरलं, तरी आजही अशा शाळांत दहा टक्क्यांहून कमी मुलं आहेत. बेलफास्टमध्ये शिक्षक घडवणारी कॉलेजंसुद्धा दोन, कॅथलिकांचं सेंट मेरीज आणि मुख्यतः प्रोटेस्टंटांचं स्ट्रॅनमिलिस. लेखात शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल एक ओळही नाही, ते का?