1500 तासांशिवाय चार्टरमध्ये नोकरी नाही? आधी लॉगबुकातले रकाने बघा

वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांमध्ये एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत 1500 तास उड्डाण भरल्याशिवाय चार्टर कंपनी, म्हणजे मागणीप्रमाणे विमान भाड्याने देणारी कंपनी, दारातही उभं करत नाही, हा आकडा सुरक्षिततेसाठी आहे, त्यामुळे त्यात सूट नाही, म्हणून आधी पैसे भरून उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर बसा, तास जमवा आणि मगच अर्ज करा. या शेवटच्या सल्ल्यापायी लोक कर्ज काढतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

1500 हा आकडा मुळात एअरलाइनचा. वेळापत्रकाने उडणाऱ्या एअरलाइन्स पार्ट 121 या नियमावलीखाली येतात. तिथे 2013 पासून को-पायलटलाही एटीपी, म्हणजे सर्वांत वरचं वैमानिक लायसन्स, लागतं आणि एटीपीला 1500 तास. त्यातही लष्करी वैमानिकाला 750 तासांवर आणि विमानोड्डाणाची मान्य पदवी असलेल्याला 1000 तासांवर मर्यादित एटीपी मिळतं. म्हणजे सूट नाही हे एअरलाइनपुरतंही खरं नाही.

चार्टर कंपन्या पार्ट 135 खाली चालतात. तिथे कॅप्टन व्हायचं असेल आणि उड्डाणं फक्त व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून करायची असतील, तर एकूण 500 तास पुरतात. त्यात 100 तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे जाण्याचे, आणि त्यांतले 25 रात्रीचे असावे लागतात. आयएफआर, म्हणजे ढगांतून उपकरणांच्या भरवशावर उडवायचं असेल तर 1200. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हा 1200 चा आकडाही ऐकला असावा, पण त्याच्या पोटात काय आहे ते पाहिलं नसावं: 500 तास क्रॉस-कंट्री, 100 तास रात्रीचे, 75 तास इन्स्ट्रुमेंटचे, आणि या 75 पैकी किमान 50 प्रत्यक्ष हवेतले.

खरी अडचण एकूण बेरजेपेक्षा या रकान्यांत असते. मध्यंतरी एका इन्स्ट्रक्टर मुलाचं लॉगबुक माझ्यासमोर होतं. एकूण 1340 तास. पानांमागून पानं एकाच विमानतळावरच्या सर्किटची: टेकऑफ, वळसा, लँडिंग, पुन्हा टेकऑफ. क्रॉस-कंट्रीचा रकाना 310 वर अडलेला, रात्रीचा 62 वर. 1200 ची रेघ तो कधीच ओलांडून गेला होता, तरी आयएफआर चार्टरचा कॅप्टन व्हायला तो पात्र नव्हता. त्याने आणखी 160 तास सर्किट मारून 1500 गाठले असते तरी फरक पडला नसता. विद्यार्थ्याला घेऊन दुसऱ्या विमानतळावर जाणं, संध्याकाळचे धडे मागून घेणं, हे त्याने 400 तासांच्या सुमारास सुरू केलं असतं तर तो आज पात्र असता. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मला राग येतो तो याचाच.

आता उजवी सीट. पार्ट 135 मधल्या को-पायलटसाठी नियमात तासांचा आकडाच नाही. कमर्शियल लायसन्स, त्या वर्गाच्या विमानाचं रेटिंग, म्हणजे लायसन्सवर नोंदलेली पात्रता, आणि उपकरणांवर उडण्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग एवढं लागतं. कमर्शियल लायसन्स 250 तासांत होतं. त्यापुढे कंपनीचं ट्रेनिंग आणि तपासणी असते, ती सगळ्यांनाच असते.

मेसेजमधलं खरं तेही मान्य करतो. प्रवासी जेटचा कॅप्टन व्हायचं तर चार्टरमध्येही एटीपी लागतं. 10 किंवा अधिक प्रवासी सीटच्या विमानाच्या कॅप्टनलाही लागतं. शिवाय विमा कंपन्या आपल्या अटी घालतात आणि त्या अनेकदा नियमापेक्षा कडक असतात. 260 तासांवर सगळीकडे बोलावणं येईल असं मी म्हणत नाही. पण या अटी विमानागणिक आणि सीटगणिक बदलतात. कंपनीला विचारल्याशिवाय त्या कळत नाहीत, आणि मेसेज नेमकं विचारूच नका म्हणतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मी हलका धरत नाही. 1500 चा नियम आला तो 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळल्यानंतर. विमानातले 49 आणि जमिनीवरचा 1, असे 50 जण गेले. कॅप्टनकडे 3000 हून अधिक तास होते, को-पायलटकडे 2200 हून अधिक. वेग घटला, स्टॉलचा, म्हणजे पंखांचा उचल सुटण्याचा, इशारा देत कंट्रोल कॉलम थरथरला, आणि नाक खाली करायच्या जागी कॅप्टनने कॉलम मागे ओढला. दोघेही 1500 च्या कितीतरी पुढे होते. त्या रात्री उणीव होती ती स्टॉल ओळखून योग्य हालचाल करण्याची. ती सरावाने येते, नुसत्या बेरजेने नाही.

राहिला पैसे भरून उजव्या सीटवर बसायचा सल्ला. सीटवर बसलं म्हणजे तास लॉगबुकात धरता येतात असं नाही. विमानाच्या प्रमाणपत्रानुसार किंवा त्या उड्डाणाच्या नियमानुसार दुसरा वैमानिक आवश्यक असेल तरच को-पायलटचा वेळ मोजला जातो. एकट्याने चालवायच्या विमानात तुम्ही नुसते शेजारी बसलात, तर तुम्ही पैसे भरून केलेला तो प्रवास आहे. 2018 मध्ये एक वेगळी वाट खुली झाली: दुसरा वैमानिक सक्तीचा नसतानाही, कंपनीने एफएए, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेकडून को-पायलट घडवण्याचा कार्यक्रम मंजूर करून घेतला असेल, तर ठरावीक विमानांवर, अटी पाळून, हे तास धरता येतात. मंजुरी नसेल तर नाही.

तेव्हा कुणी उजव्या सीटचे तास विकायला आलं, तर पैशांबद्दल बोलण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: या विमानात, या उड्डाणांवर दुसरा वैमानिक कोणत्या नियमाने लागतो, आणि लागत नसेल तर त्या कार्यक्रमाच्या मंजुरीचा कागद. उत्तर टाळलं तर उठून या.