एकाचे दोन होतले

पावसाळ्यात आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घरी माणसाला दोनच उद्योग उरतात, पागोळ्या मोजणे आणि टीव्ही पाहणे. पागोळ्या मोजण्याचे वय सरल्यामुळे मी गेल्या मृगात ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळजहाजांची अमेरिकी कथामाला १९६६ च्या मूळ मालिकेपासून पाहायला घेतली. विज्ञानकथा ही एकाग्रतेने पाहायची गोष्ट आहे, अशी माझी समजूत होती. माजघराच्या उंबऱ्याशी सूप घेऊन सुकी सुंगटे निवडत बसणाऱ्या आत्याची तशी कोणतीही समजूत नव्हती.

आत्याला इंग्रजी येत नाही. तरीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी जहाजाचा कॅप्टन कर्क त्या माणसे क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्रात उभा राहिला, तेव्हा एका सुंगटाचे डोके मोडत ती सहज म्हणाली, “आता ह्याचे दोन होतले.” झाले तसेच. एक भला कर्क आणि एक दुष्ट कर्क जहाजभर हिंडू लागले. “मगे दोनाचो परत एक,” तिने शेपटीही मोडली. शेवट कळून गेल्यावर उरलेला अर्धा तास मी केवळ सभ्यतेपोटी पाहिला.

हा योगायोग असेल असे मी मानून चाललो होतो. पुढे १९९३ च्या भागात रायकर नावाचा अधिकारी त्याच यंत्राच्या कृपेने दुप्पट झाला आणि १९९६ मध्ये ‘व्हॉयेजर’ जहाजावर टुव्हॉक व नीलिक्स ही दोन माणसे मिसळून एकच तिसरा माणूस बाहेर आला, तेव्हा माझा मानसिक आधार खचला. दोन्ही वेळा आत्याने सुपातून मान वर केली नव्हती. एवढा अपघाती पेटारा एखाद्या तरीवर असता, तर आमच्या बंदरातल्या माणसांनी तो केव्हाच खाडीत ढकलला असता. हे लोक मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यातच उभे राहतात.

माझा सर्वांत मोठा पराभव १९८७ च्या नव्या मालिकेत झाला. तिच्या दुसऱ्याच कथेत जहाजावर अशी एक साथ पसरते, की माणसे दारू प्यायल्यासारखी वागू लागतात. यंत्रमानवही त्यातून सुटत नाही. आत्या थबकली. “मिरगात ते दुसरे पण असेच पिलेले होते मां? एकटो उघडो होवन तलवार घेवन धावत होतो!” तिची स्मरणशक्ती निर्दोष होती. १९६६ च्या कथेत सुलू नावाचा अधिकारी खरोखरच तलवार उगारून जहाजाच्या बोळांतून धावतो. मी तिला दोन मालिकांमधला फरक समजावू लागलो, तेवढ्यात पडद्यावरच्या मंडळींनी कर्कच्या जुन्या ‘एंटरप्राइझ’ जहाजाची नोंद शोधून काढली आणि हे पूर्वीही घडले होते, असे एकमेकांना सांगितले. फितुरी घरातूनच व्हायची असेल, तर वकिलाने काय करावे?

तरीही मी वकिली सोडली नाही. मी आत्याला सांगितले, की वर्षाला २६ भाग लिहिणे म्हणजे काही वाडीतल्या लग्नाचे जेवण नव्हे. १९८८ मध्ये तिकडच्या लेखकांनी संप केला, तेव्हा सत्तरच्या दशकात बारगळलेल्या एका मालिकेची संहिता फडताळातून काढून नव्या पात्रांच्या अंगावर चढवली गेली. त्याच हंगामाच्या शेवटी तर पैसे इतके आटले होते, की रायकरला खाटेवर निजवून त्याला आधीचेच भाग आठवायला लावले. आत्याने हा भाग नीट पाहिला आणि निकाल दिला, “कालच्या कढयेत पाणी घातल्यानी.”

अखेर मी दशावतार काढला. दर वर्षी जत्रेत रात्रभर जागून तू तेच पाहतेस, म्हटले. संकासुर वेद पळवतो आणि विष्णू त्याला मारतो, यात कधी बदल झाला आहे का? या मुद्द्याने ती निरुत्तर होईल, अशी माझी खात्री होती. तिने सूप बाजूला ठेवले, आणि ही गोष्ट ती फक्त भांडणाच्या वेळी करते. “संकासुर मरतलो तां पोरांक पण म्हायत आसता. पण मराच्या आधी तो काय बोलतलो, तां त्याका तरी खय म्हायत आसता?” म्हणणे बिनतोड होते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते; आख्यान ठरते आणि संवाद रंगमंचावर सुचतील तसे येतात. “तुमचो तो टकलो एकदा तरी हसता काय?” नव्या मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डच्या बाजूने माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर श्रावणातल्या एका रात्री १९९२ चा ‘कॉज अँड इफेक्ट’ हा भाग लागला. यात शीर्षकाच्या आधीच जहाजाचा स्फोट होतो आणि काळ मागे जाऊन तोच दिवस पुन्हा पुन्हा घडतो: तोच पत्त्यांचा डाव, तीच डोकेदुखी, तोच स्फोट. दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स, म्हणजे पडद्यावरचा रायकरच, याने प्रत्येक फेरी वेगळ्या कोनांतून चित्रित केली आहे. दुसऱ्या स्फोटाला आमची वीज गेली. ती आल्यावर भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तिसऱ्या डावाला पुन्हा गेली, पुन्हा आली, पुन्हा स्फोट. हा वारा आहे की कथानक, हे मला कळेनासे झाले आणि मी रिमोट शोधू लागलो.

“बंद करू नको,” आत्या म्हणाली. तिच्या चिमटीतले सुंगट तसेच होते, डोके शाबूत. त्या मोसमात पहिल्यांदाच तिने पुढचे सांगितले नव्हते. शेवटच्या डावात यंत्रमानव पत्ते वाटू लागला आणि प्रत्येकासमोर एकच पान पडत गेले.

“अगो बाय माझे,” ती पुढे सरकली, “मेल्यान सगळ्यांक तिर्‍योच वाटल्यान!”