हिवाळी ऑलिंपिकमधील भारतीय पथक : एका संदेशाचा प्रतिवाद

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे : ‘भारतात बर्फच नाही, तरी एक-दोघे सरकारी पैशाने हिवाळी ऑलिंपिकची सहल करतात आणि शेवटचे येतात.’ चांगल्या, विचारी माणसांनीही तो पुढे पाठवला, म्हणून हे उत्तर.

बर्फ ठाण्यात पडत नाही. गुलमर्गला आणि औलीला पडतो, आणि तिथे स्कीइंगही चालते. 2022 च्या बीजिंग स्पर्धेतील भारताचे एकमेव खेळाडू आरिफ खान गुलमर्गच्याच परिसरातले. त्यांच्या वडिलांचे स्कीच्या साहित्याचे दुकान होते.

‘सहल’ हा शब्द मला सर्वांत जास्त लागला. या स्पर्धेत हौसेने उतरता येत नाही. आंतरराष्ट्रीय शर्यतींतून पात्रता मिळवावी लागते, आणि आरिफ यांनी ती दोन प्रकारांत मिळवली होती. भारताचेच शिवा केशवन 1998 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, जपानमधील नागानोला ल्यूजमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत, उतरले आणि 2018 पर्यंत सलग सहा ऑलिंपिक खेळले. येऊरच्या उतारावर सायकल सोडली तरी आपली बोटे ब्रेकवर असतात. ल्यूजवर माणूस पाय पुढे करून उताणा झोपतो आणि त्या घसरगाडीला ब्रेकच नसतो. तिला चाके लावून केशवन हिमालयातल्या घाटरस्त्यांवर, ट्रक आणि मेंढ्यांच्या कळपांतून वाट काढत सराव करीत. सरकारी पैशाचे म्हणाल, तर त्यांना खर्चासाठी लोकांकडून वर्गणी उभी करावी लागली होती.

राहिला क्रमांक. बीजिंगला जायंट स्लालमच्या, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत उतरण्याच्या स्की-शर्यतीच्या, दिवशी बर्फ पडत होता आणि पुढचे नीट दिसत नव्हते. स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमॅट यांनी 2 मिनिटे 9.35 सेकंदांत सुवर्ण जिंकले. आरिफ यांना 2 मिनिटे 47.24 सेकंद लागले आणि ते 45 वे आले. हे अंतर मोठे आहे, ते मान्यच करायला हवे. मात्र त्या उतारावर कित्येक स्पर्धकांना शर्यत पूर्णच करता आली नाही, आणि तीन दिवसांनी स्लालममध्ये, म्हणजे त्याच धर्तीच्या पण अधिक जवळजवळच्या वळणांच्या शर्यतीत, हीच वेळ आरिफ यांच्यावर आली.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताला पदक नाही, हे खरे. पण म्हणून बर्फावरच्या खेळांत आपण नेहमी शेवटचेच, असे नाही. केशवन यांनी ल्यूजचे आशियाई विजेतेपद एकाहून अधिक वेळा मिळवले आहे. 2025 च्या आशिया चषकात भारतीय महिला आइस हॉकी संघाने कांस्यपदक जिंकले. त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ शिकलेल्या.