आधी आंघोळ कोणी करायची?

डिसेंबरात पारा घसरलेल्या गावांच्या यादीत परभणी वर चढली, की आमच्या घरात राजकारण सुरू होतं. पुण्याचे पाहुणे विचारतात, "मराठवाड्यात कसली आलीय थंडी?" त्यांना पहाटे साडेपाचला आमच्या नळाखाली हात धरायला सांगावं.

आई बंबवाली. तांब्याचा बंब, मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. शेतातल्या पऱ्हाट्या-तुराट्यांवर तो पेटतो. लाईट नको, गॅस नको, फक्त राबणारा माणूस लागतो आणि तो माणूस मी. तोटीतून घेतलं तेवढं पाणी वरून ओतायचं हा कायदा. न ओतता कोणी निघालं, की अंगणातून आवाज येतो, "मागच्यानं काय करावं? बंब तसाच तापला तं झाळ सुटंल ना!"

धाकट्या भावाचा विश्वास रॉडवर. रॉड बुडेल तिथलं आणि वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं. म्हणून वर बोट घालून 'झालं' म्हणणाऱ्याला पुढच्या तांब्यात सत्य कळतं. बोट घालायच्या आधी बटन बंद करून पिन काढायची, हे मात्र आमच्या घरात शुभंकरोतीच्याही आधी शिकवतात.

बायकोनं तीन लिटरचा इन्स्टंट गिझर आणला. इन्स्टंट म्हणजे काय, ते विकणारा सांगत नाही. तीन किलोवॅटचं यंत्र मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी वीस अंशांनी तापवतं. म्हणजे वीस लिटरची बादली भरायला दहा मिनिटं, धार करंगळीएवढी, आणि आपण उघडे. त्यात बोअरचं पाणी. तापलं की त्यातला चुना सुटून कॉइलला धरतो. मिस्त्रीनं कॉइल काढून दाखवली, तर ती आजारी मुळ्यासारखी जाड आणि पांढरी. "साहेब, तुमी पाणी नाही, चुना तापवायलाव," तो म्हणाला आणि पैसे घेऊन गेला.

गॅस गिझर भाड्याच्या घरात होता. बंद न्हाणीघरात तो लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आंघोळीतच कोसळतो. आमचा बाहेर, बोळीत होता, त्यामुळे धोका नव्हता. टाकी बुटकी असल्यानं पाण्याला जोर नव्हता, त्यामुळे गरम पाणीही नव्हतं. नुसतं टकटक वाजायचं.

शेवटी गच्चीवर सोलर बसवला. ऊन फुकट आणि परभणीला उन्हाची काय ददात! काचेच्या नळ्यांत तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं, पंप लागत नाही. चांगलं वेष्टण असलेल्या टाकीत ते सकाळपर्यंत गरमही राहतं. पण गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पाइपातलं पाणी रात्रभरात गार पडलेलं असतं. तोटी सोडली की आधी तेच येतं, चांगलं बादलीभर. दुसऱ्या गावात लोक ते मोरीत सोडत असतील. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावात तसं केलं तर आई घराबाहेर काढेल. म्हणून ठरलं: पहिला जाईल त्यानं ती बादली अंगावर घ्यायची.

तेव्हापासून घरात भलतीच अदब आली आहे. "तुमी व्हा पुढं." "छे छे, आधी तुमी." शाळेला उशीर झाला तरी पोरंसुद्धा वडीलधाऱ्यांचा मान राखतात. परवा बहीण आणि दाजी मुक्कामी आले. पहाटे आईनं स्वतः उठून दाजींच्या हातात टॉवेल दिला.

"जावईबापू, पहिला मान तुमचा."