म्हणे दोन तासांत फुल्ल चार्ज!

पावसाळ्यात तीन आठवडे मोटारसायकल उभी राहिली आणि बॅटरी उतरली, यात नवल काहीच नाही. माझा संताप बॅटरीवर नसून ती ‘चार्ज करून देतो’ म्हणणाऱ्यांवर आहे.

गाडी २०१३ सालची, इंजेक्शनवर चालणारी, म्हणजे विजेच्या पंपाने इंजिनात पेट्रोल फवारणारी. बॅटरी सीलबंद, १२ व्होल्टची, १४ अँपिअर-अवर क्षमतेची. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने सीट काढली आणि ज्या जुनाट पत्र्याच्या खोक्यावर तो टेम्पोच्या बॅटऱ्या चार्ज करतो, त्याचेच चिमटे गाडीतल्या गाडीत बॅटरीला लावून तो चहाला निघाला. बॅटरी निदान बाहेर तरी काढा, असे मी म्हणताच उत्तर आले, “साहेब, काही होत नाही. वीस वर्षं हेच करतोय.”

त्या वीस वर्षांतल्या बहुतेक गाड्या कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोलसाठी विजेवर न अडणाऱ्या होत्या, हे या गृहस्थांना कोणी सांगायचे? तिथे बॅटरी मेली तरी एक किक मारून माणूस घरी पोहोचत असे. इथे त्याच बॅटरीच्या वायरींवर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक आहे, पेट्रोलचा पंप आहे, सेन्सर आहेत. आणि त्या खोक्याला आपण किती व्होल्ट ढकलतो आहोत याचा पत्ताच नसतो. मी मीटर लावला तेव्हा आकडा १६.२ होता! अशा सीलबंद बॅटरीला साधारण साडेचौदाच्या वर नेऊ नये, आणि करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे १.४ अँपिअर ठेवावा, हे साधे गणित आहे. त्याला दहा-बारा तास लागतात, म्हणून दोन तासांत तीच बॅटरी उकळून काढायची का? तिच्यात पाणी घालायची सोय नसते. आतले पाणी वायू होऊन गेले की ते कायमचे गेले. मी चिमटे काढले, तर रागावला तोच.

मग सल्लागार जमले. एकाने धक्का मारायला सांगितले. पंपाला दाब धरण्याइतकीही वीज नसेल तर रस्ताभर धावूनही इंजिन सुरू होत नाही, हे मी घामाघूम होऊन सिद्ध करून दाखवले. दुसऱ्याने तर गाडी चालू झाली की बॅटरीची वायर काढून पाहा, असे सुचवले. चालू इंजिनवर बॅटरी सोडवली तर व्होल्टेज उसळून ईसीयूच जळू शकतो, आणि नव्या ईसीयूचा भाव ऐकून ठेवलेला मी आहे, तो नव्हे.

आता व्होल्टेज आपोआप आवरणारा छोटा चार्जर मी घेतला आहे. पण पार्किंगमध्ये प्लग द्यायला सोसायटीची समिती तयार नाही, कारण म्हणे विजेचा खर्च सर्वांनी का सोसावा. पूर्ण चार्जिंगला जेमतेम पाव-अर्धा युनिट लागते हो! तेव्हा दर वेळी आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर सोडवायची, ते चार-पाच किलोंचे धूड तिसऱ्या मजल्यावर न्यायचे, खिडकीपाशी हवेशीर जागी रात्रभर लावायचे आणि सकाळी उलट क्रमाने जोडायचे.

काल चार्जिंगनंतर काही तास विसावलेल्या बॅटरीवर मीटरने १२.७ दाखवले आणि पहिल्याच बटणाला इंजिन सुरू झाले. गॅरेजवरून जाताना मिस्त्रीने हात केला. त्या दिवशीच्या चार्जिंगचे शंभर रुपये त्याला अजून हवे आहेत.