उजेड पडतो तो कसा?

डीएनए वाचण्यावरचा लेख आवडला, पण त्यात पायरोसिक्वेन्सिंग हे डीएनएमधली अक्षरं वाचायचं तंत्र ‘नवं अक्षर जोडलं की प्रकाश पडतो’ एवढ्यावरच उरकलंय. खरी गंमत तर तिथेच आहे!

डीएनएची प्रत बनवणाऱ्या पॉलिमरेज या विकराने (एन्झाइमने) न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएचं एक अक्षर, जोडला की पायरोफॉस्फेट नावाचा तुकडा सुटतो. सल्फ्युरिलेज हे दुसरं विकर त्यापासून एटीपी हा पेशीतला ऊर्जेचा रेणू बनवतं आणि ते एटीपी खर्चून काजव्याचं ल्युसिफरेज हे विकर उजेड पाडतं. ए, टी, जी, सी ही डीएनएची चार अक्षरं एकेक करून सोडायची. चमक दिसली तर ते अक्षर बसलं, नाहीतर नाही. पण ‘ए’साठी लागणारं डीएटीपी म्हणजे एटीपीचा सख्खा भाऊ. ल्युसिफरेज त्यालाही हात घालणार आणि फुकटचा उजेड पाडणार. म्हणून स्टॉकहोमच्या रोनाघी, न्यूरेन, उलेन वगैरे संशोधक मंडळींनी १९९६ मध्ये डीएटीपीचं गंधक असलेलं रूप वापरलं. पॉलिमरेजला ते चालतं, ल्युसिफरेजला जवळजवळ नाहीच. याला म्हणतात डोकं!

एकच अक्षर ओळीने सात-आठदा आलं की मात्र पंचाईत. चमक वाढते, पण सात की आठ हे सांगणं अवघड.

वरच्या प्रतिक्रियांत कुणीतरी ‘हे तंत्र आता इतिहासजमा’ असं लिहिलंय. अख्खा जीनोम वाचायला कुणी वापरत नाही, हे खरं. पण मिथिलेशन, म्हणजे डीएनएच्या ‘सी’ अक्षरावर चिकटलेले मिथिल गट, मोजायला अजूनही वापरतात. बायसल्फाइट या रसायनाच्या प्रक्रियेनंतर मिथिल नसलेला ‘सी’ शेवटी ‘टी’ म्हणून वाचला जातो, त्यामुळे ‘सी’ आणि ‘टी’च्या चमकांच्या उंचीवरून मिथिलेशनची थेट टक्केवारी मिळते. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात टेमोझोलोमाइड हे औषध कितपत लागू पडेल याचा अंदाज एमजीएमटी जनुकाच्या अशाच मोजणीवरून बांधतात.