एमजीबी, मी आणि मसालेभात

ऑक्सफर्डला आलेला मराठी माणूस आधी कॉलेजं बघतो. माझ्या नवऱ्याने आधी जवळचं ॲबिंग्डन गाठलं, कारण १९६२ ते १९८० एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार तिथे बनायची. पुढे यथावकाश आमच्या दारात १९७२ची, लाल, दोन सीटांची एमजीबी उभी राहिली. शेजारी माझी फोर्ड फिएस्टा.

"अठराशे सीसी!" नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. (१७९८. पण असू दे.) त्यातून अश्वशक्ती निघते पंचाण्णवच्या आसपास. माझ्या फिएस्टाचं इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरांचं. टर्बोच्या जोरावर ते शंभर देतं आणि कुणाला सांगत बसत नाही. "अगं, वेग मोजायचा नसतो, जाणवायचा असतो," हे त्यावरचं उत्तर. जाणवतो, खरंच. बूड रस्त्याला टेकायच्या बेतात असलं की ताशी पन्नाससुद्धा जाणवतो.

मंडळाच्या दिवाळीला एमजीबीतूनच जायचं ठरलं. मी पैठणीत. डिकीत स्टेपनी आडवी पसरलेली, तिच्याजवळ जॅक आणि तांब्याचा हातोडा. तारांच्या चाकांना मधोमध एकच दांडगा नट असतो, तो ठोकून सोडवतात म्हणे. तेव्हा मसालेभाताचं पातेलं माझ्या मांडीवर. छप्पर अर्थातच उघडं, नोव्हेंबर असला म्हणून काय झालं? वाटेत पातेल्यावरच्या पंचाची गाठ सुटली आणि ओलं खोबरं-कोथिंबीर मागच्या गाडीच्या काचेवर भुरभुरली. हॉर्न वाजला. सिग्नलला ती गाडी शेजारी आली, मी माफीची जुळवाजुळव करतेय तोवर आतल्या आजोबांनी काच खाली केली. "माझ्या वडिलांकडे अश्शीच होती!" हिरवा लागला तरी दोघांचं संपेना.

फिएस्टाला असं कुणी थांबवत नाही. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं सर्वाधिक खपलेली गाडी ती. वडिलांकडे असणारच, त्यात काय सांगायचं!

माझी खरी जळजळ वेगळीच आहे. इथे गाडीने चाळिशी ओलांडली की रोड टॅक्स माफ आणि सहसा वार्षिक तपासणीही माफ. म्हणजे जिला तपासायला हवं तिलाच सूट! २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हिच्या जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, म्हणून हिला महागातलं, कमी इथेनॉलचं सुपर पेट्रोल. अधिकमासातल्या जावयाचेही इतके लाड कुणी करत नसेल. फिएस्टा मात्र भाजी आणते, मुलांना पोहायला नेते, टॅक्स भरते आणि दरवर्षी परीक्षेला बसते.

यंदा ती नापास झाली. वायपरचं रबर फाटलं होतं. कागद हातात घेऊन घरी आले, तर नवरा एमजीबीखाली आडवा, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला.

"गाडीकडे जरा लक्ष देत जा गं," खालून आवाज आला.